तिसऱ्या रांगेतली जागा

केळशी, ता. दापोली
३ ऑगस्ट २०२५

चि. मृणाली,

अनेक आशीर्वाद. त्यांतला एखादा तुझ्या त्या सहायक दिशालाही दे. फोनवर ती माझ्याशी इतक्या हळू आणि अदबीने बोलते, की आपण गेलो आहोत आणि ही शोकसभेत बोलते आहे असं मला वाटू लागतं.

पत्रच लिहितो आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मी चार परिच्छेद लिहायचे आणि तू एक पिवळा अंगठा पाठवायचास, हे सख्ख्या मावसभावाशी बरं वागणं नव्हे. कागदाला कागदानेच उत्तर द्यावं लागतं, एवढी लाज तुझ्यात असेल असं गृहीत धरतो.

'केळशीचे नऊ : दुसरा डाव' ही तुझ्या सिनेमाची संहिता पोचली. पहिल्या भागात आमच्या शाळेला क्रिकेटऐवजी चुकून बेसबॉलचं सामान येतं आणि नऊ पोरं हरत हरत जिल्ह्यात नाव काढतात. या भागात तीच पोरं जपानला जाऊन हरणार. प्रगती आहे. मात्र दोन वर्षांत तुझी पात्रं वाढली, हे ध्यानात घे. सर्वेशचा आवाज फुटला असून तो 'नमस्कार' म्हणाला तरी दमदाटी वाटते. ऋत्विक बॅटपेक्षा बुटका होता म्हणून लोक हसले होते. आता बॅट त्याच्या कमरेला लागते. बदलला नाही तो एकटा स्वरूप, पण तो शिकवूनही बदलत नाही, त्याचं श्रेय घेऊ नकोस.

गावात तुझी कीर्ती मात्र पूर्वीसारखीच. पहिल्या संहितेत तू लिहिलंस, 'मैदानाभोवती जांभ्या दगडाचा नीट गडगा', आणि तुझ्या माणसांनी आठ दिवसांत तो रचून दिला. गावाला पंचवीस वर्षं जमलं नव्हतं. सर्वेशला लाल सायकल लिहिलीस, ती आली आणि राहिली. गोदूबाईंच्या अंगणात नळ लिहिलास, तो अजून वाहतो. तेव्हापासून इथे म्हणतात, मृणालीताईच्या कागदात आलं म्हणजे आलं. मी तीस वर्षं संस्कृत शिकवतो, पण माझ्या तोंडच्या एकाही शब्दाची ही पत नाही.

पासपोर्टांचं म्हणशील तर आठ जणांचे अर्ज गेले. नववा ज्ञानेश्वरीचा, म्हणजे तुझ्या चेंडू फेकणाऱ्या ज्ञानूचा. तिच्या वडिलांची सही हवी. दीपक बोटीवर आहे, तेव्हा थोडा वेळ लागेल. काळजीचं कारण नाही.

शेवटाकडचा एकाहत्तरावा प्रसंग, जपानच्या मैदानात ज्ञानूचा खलाशी बाप अचानक तिसऱ्या रांगेत बसलेला दिसतो तो, चांगला उतरला आहे. तिच्या आईने, मथुराने, तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

तुझा,
आप्पादादा


मुंबई
१९ ऑगस्ट २०२५

ती. आप्पादादा,

सा. न. हा घे कागद. वर्षभरात पेन पहिल्यांदा हातात धरलंय, अक्षराला हसू नकोस.

एकाहत्तरावा सीन तुला आवडला, याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला. इथे सगळे म्हणतात, अख्खी फिल्म हसवते आणि तिथे एकदम रडवते. ज्ञानूचे बाबा वर्षातले नऊ महिने बोटीवर असतात, हे तूच मागे बोलता बोलता म्हणाला होतास. तेवढ्या एका वाक्यावर मी तो सीन उभा केला. बापाच्या कामासाठी नटही मिळालाय. चांगला उंच, मिशीवाला आहे. ज्ञानूशी त्याची ओळख आधी करून द्यावी म्हणते.

आता दोन कामं. एक, सही. इथे रोज विचारणा होतेय. दोन, दीपकभाऊंकडून त्यांच्या आवाजात काहीतरी रेकॉर्ड करून मागव. घरी फोन केल्यावर पहिलं वाक्य काय बोलतात, ज्ञानूला काय हाक मारतात, असं. त्या नटाला ऐकवायचंय. बोटीवर आता इंटरनेट असतं, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि तू चार ओळींत 'काळजीचं कारण नाही' लिहिलंस. तू सहसा असं लिहीत नाहीस. सगळं ठीक ना?

तुझी,
मृणाली


केळशी
२ सप्टेंबर २०२५

चि. मृणाली,

नाही. ठीक नाही.

दीपकची बोट जानेवारीपासून आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभी आहे. मालक बुडाला की पळाला, ते कुणाला सांगता येत नाही. दहा माणसं बोटीवर आहेत. त्यांचे पासपोर्ट बंदरवाल्यांनी ठेवून घेतलेत, त्यामुळे कुणाला उतरता येत नाही. तांदूळ आणि प्यायचं पाणी कुणीतरी आणून दिलं तर मिळतं. दीपकचा शेवटचा फोन नऊ मेला आला. दीड मिनिटाचा. "मी बरा हाय. पोरीला काय सांगू नको," एवढं मथुराला म्हणाला आणि लाईन गेली. त्यानंतर काही नाही. मी तीन कचेऱ्यांना अर्ज लिहिले. उत्तरं आली, फार शुद्ध मराठीत आली, पण त्यांत दीपक नव्हता.

तुला आधी का लिहिलं नाही? आधी वाटलं, तुझा सिनेमा विनोदी, त्यात हे कशाला. मग वाटलं, आज-उद्या फोन येईलच. खरं कारण असं, की मला गंमत करून लिहिता येतं आणि हे तसं लिहिता येत नव्हतं.

पण आता गप्प राहून चालणार नाही, कारण गोष्ट आणखी वाकडी झाली आहे. एकाहत्तराव्या प्रसंगाचं ज्ञानूने काय केलं, ऐक. परवा शाळा सुटल्यावर थांबली आणि म्हणाली,

"आप्पासर, बाबा जपानला आमच्या आदी पोचंल का मागाहून?"

मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुला जपानला येणार म्हणून?"

"कागदात हाय ना. एकाहत्तर नंबर."

तिला वाटतं, नळ आला, सायकल आली, गडगा आला, तसा बाप येणार. तुझी सिनेमाची कंपनी आणणार. हसू नकोस, तिच्या आईलाही तेच वाटतं. मथुरा शहाणी बाई आहे, मासळीच्या लिलावात भल्याभल्यांना गप्प करते. पण ती मला म्हणाली, "कंपनी मोठी हाय सर, वर ओळखी असत्याल. कुणी येवढा उगाच लिवील काय?" तिने दीपकचा निळा शर्ट इस्त्री करून पोरीच्या पिशवीत तळाला घातलाय. इतक्या महिन्यांनी बोटीवरून उतरणार, अंगावर धड कपडा नसेल, म्हणून.

तेव्हा मी 'नाही' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. चष्मा पुसला आणि म्हटलं, बघू.

सहीचं म्हणशील तर मथुरा प्रतिज्ञापत्र करेल, एकट्या आईच्या सहीवर काम होईल. बाकी प्रसंग तुझा आहे. काय करायचं ते तू ठरव.

आप्पादादा


मुंबई
११ सप्टेंबर २०२५

ती. आप्पादादा,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि तसंच परत पिशवीत घातलं. मी त्या माणसाचा आवाज मागवत होते. मिशीवाला नट शोधत होते.

एकाहत्तरावा सीन काढून टाकला. वाद झाले, पण काढला. बापाचा उल्लेखच नको म्हणून मागचे दोन सीनही बदलले. आता प्रेक्षकांत ज्ञानूची आत्या असते, गंमतशीर बाई आहे. नवी पानं कुरियरने शाळेच्या पत्त्यावर पाठवलीयत, नऊ पोरांच्या नऊ प्रती. निदान आमच्यामुळे ती खोट्या आशेवर राहायला नको.

एका वकीलबाईंशीही बोलले. बोटींवर अडकलेल्या माणसांचंच काम करतात. बोटीचं नाव, नंबर, जे असेल ते सगळं पाठव.

मृणाली


केळशी
२२ सप्टेंबर २०२५

मृणाली,

आशीर्वाद वगैरे आहेतच.

तुझी पानं गुरुवारी आली. मी दापोलीला प्रतिज्ञापत्राच्या कामाला गेलो होतो. शिपायाने पाकीट सरळ वर्गात नेऊन दिलं आणि ते सर्वेशने फोडलं. प्रत्येकाने आपापलं काम शोधलं. ज्ञानूने एकाहत्तर नंबर शोधला. मग पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं. सर्वेश त्याच्या त्या नव्या आवाजात म्हणाला, "अगो, तुझा बाबा ह्या कागदातना काडला त्यांनी."

ती दप्तर तिथेच टाकून घरी गेली.

मी चारच्या एस्टीने उतरलो, तर दीपकच्या अंगणात तीस-चाळीस माणसं. चूल पेटलेली नाही. शेजारणी पेजेची टोपं घेऊन आलेल्या. तू मुंबईत वाढलीस म्हणून सांगतो, इथे दुसऱ्याच्या घरी शिजवून पेज नेतात ती एकाच वेळी, घरात कुणी गेलं म्हणजे. गोदूबाई, दीपकची आई, तू लिहिलेल्या त्या नळापाशी बसून मोठ्याने रडत होती. मथुरा रडत नव्हती. खांबाला टेकून तुझं पान हातात घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली,

"कंपनीला कदी कळला सर? आमाला आदी सांगायचा नाय?"

एवढी वर्षं मी वर्गात आवाज चढवला नाही. त्या अंगणात चढवला. ओरडून सांगितलं की कुणाला काही कळलेलं नाही, दीपकची कसलीही बातमी नाही, वाईट नाही आणि चांगलीही नाही. हा कागद मुंबईतल्या एका बाईने लिहिला आणि त्याच बाईने खोडला, त्याचा आणि बोटीचा काही संबंध नाही. पेज परत न्या. लोक गेले. गोदूबाई गप्प झाली, पण माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी तिचा मुलगा एकदा दिला आणि परत घेतला.

मग ज्ञानू आतून आली. मी तिला सगळं सांगितलं. बंदर, मालक, पाणी, नऊ मेचा फोन. पायरीवर बसून, तिच्या आईच्या देखत. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे कागदात होता तेव्हा पण तो येणार नव्हता."

"नाही."

"तुमाला म्हाईत होता."

"होतं."

"मग 'बघू' का म्हणलात?"

मृणाली, तू चांगुलपणाने पान काढलंस, मी चांगुलपणाने गप्प बसलो, आणि दोघांनी मिळून एका जिवंत माणसाच्या घरी पेज आणवली.

ती जपानला जाणार नाही म्हणेल असं मला वाटलं. म्हणालीही. तीन दिवस म्हणत होती. काल संध्याकाळी स्वतः माझ्या घरी आली आणि म्हणाली, "परत लिवायला सांगा. एकाहत्तर." मी म्हटलं, अगं, पण ते खरं नाही हे तुला आता कळलंय ना? तर म्हणाली, "खरा नाय तर नाय. पण त्याची जागा काडायची नाय."

आणि अट घातली. तिथे दुसरा माणूस बसवायचा नाही. मिशीवाला नाही, बिनमिशीचाही नाही. जागा मोकळी ठेवायची आणि त्यावर दीपकचा निळा शर्ट ठेवायचा. मी विचारलं, हे काय? ती माझ्याकडे मी स्वरूपकडे बघतो तशी बघत म्हणाली, "येष्टीत खिडकीतना रुमाल टाकत नाय काय आपण? रुमाल टाकला की जागा आपली. मग माणूस मागना चडतो."

बोटीचा नंबर आणि बाकीचे कागद सोबत जोडले आहेत. तुझ्या वकीलबाईंना दे.

आप्पादादा


जपान
१४ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पादादा,

हॉटेलच्या कागदावर लिहून त्याचा फोटो शाळेच्या ईमेलवर पाठवतेय. टपालाने पाठवलं तर पोरांना सोडायला मी केळशीत आल्यावर पोचेल आणि मलाच उघडावं लागेल.

पोरं मजेत आहेत. इथे सगळे वाकून नमस्कार करतात म्हणून स्वरूपही करतो, माणसांना, दारांना, परवा एका चहाच्या यंत्राला. यंत्राने धन्यवाद दिले, तेव्हापासून त्याला आवरता येत नाही. ऋत्विकने घरून आमसुलं आणलीयत आणि प्रत्येक ताटात एकेक टाकतो. इथल्या मुलांच्या संघाबरोबर सरावाची मॅच झाली, आपण बावीस-शून्य हरलो. त्यांच्या प्रशिक्षकांना वाटलं आम्ही अभिनय करतोय. फार छान करता म्हणाले.

आता खरं लिहिते. एकाहत्तरावा सीन होत नाहीये.

जागा ठेवलीय. तिसरी रांग, कडेची. ज्ञानूने स्वतः शर्टाची घडी करून ठेवला. इथल्या गावातले दोनशे लोक प्रेक्षक म्हणून आलेत. पहिल्या दिवशी मैदानावरचे एक आजोबा कुणाचा तरी कपडा राहिला म्हणून तो उचलून नेत होते, तेव्हा दिशाने त्यांना खाणाखुणांनी काय सांगितलं देव जाणे, पण आता ते स्वतःच त्या जागेपाशी उभे राहतात आणि कुणाला फिरकू देत नाहीत.

सीन एवढाच आहे: शेवटचा चेंडू टाकण्याआधी ज्ञानू त्या जागेकडे बघते, मग टाकते. ती टाकते. बघत नाही. काल अकरा टेक, आज नऊ. मी बाजूला घेऊन विचारलं. मग म्हणाली, "बगितला तर मोकळी दिसंल. नाय बगितला तर कोणतरी बसला असंल."

तिला सांगितलं, नको बघूस. पण मग सीनला अर्थ उरत नाही, हेही मला कळतंय. मैदान आपल्याकडे सोळा तारखेपर्यंतच आहे. नाहीच झालं तर तसंच लावीन.

दीपकभाऊंचं काही कळलं का? वकीलबाई म्हणाल्या होत्या, या आठवड्यात बंदरावर सुनावणी आहे. मी तिच्यासमोर नाव काढत नाही.

मृणाली


केळशी
१५ नोव्हेंबर २०२५

चि. मृणाली,

हेही हस्ताक्षराचा फोटो काढून ईमेलनेच. फोटो आमच्या शिपायाने काढला आहे, कोपऱ्यात त्याचा अंगठा आहे तो तुझ्या पिवळ्या अंगठ्यांचा सूड समज.

आधी एका गोष्टीबद्दल मीच कान धरतो. आज तू मैदानात होतीस तेव्हा दिशाच्या फोनवर मी ज्ञानूशी बोललो. तुला आधी सांगितलं नाही. मागच्या वेळी तुला आणि मला आधी कळलं होतं आणि तिला शेवटी. या वेळी म्हटलं, क्रम बदलून बघावा.

काल सकाळी दीपकचा फोन आला.

जिवंत आहे. आवाज बारीक झालाय, पण त्याचाच आहे, गोदूबाईने तीनदा खात्री करून घेतली, लहानपणी कुठल्या माडावरून पडलास असं विचारून. सुनावणी झाली. तुझ्या वकीलबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग, मी स्वतः घालीन पण गुडघे ऐकत नाहीत. दहांतल्या सहा जणांना सोडलं. ते पुढच्या आठवड्यात आपापल्या घरी पोचतील.

दीपक त्या सहांत नाही.

बोट मोकळी सोडता येत नाही, असा नियम आहे. इंजिनखोलीत पाणी येतं आणि दिवसातून तीनदा पंप चालवला नाही तर ती बुडेल, तीही बंदराच्या तोंडाशी. चौघांना राहायला लागणार. पंपाची खोड त्यातल्या त्यात दीपकला ठाऊक, तेव्हा तो राहिला. मार्चपर्यंत दुसरी माणसं देऊ म्हणाले आहेत. कुठल्या सालच्या मार्चपर्यंत, ते त्याने विचारलं नाही. पाणी आणि अन्न मात्र आता नियमाने येतं, आणि दर रविवारी फोन करता येईल.

मथुरा म्हणाली, "पोरीला तुमीच सांगा सर. माज्या तोंडातना रडूच येईल." मी चष्मा पुसला नाही, बघूही म्हटलं नाही. जसं आहे तसं सांगितलं. फोनवर मागे तुमची सगळी गडबड ऐकू येत होती, कोणीतरी जपानीत ओरडत होतं.

ती म्हणाली, "म्हणजे येणार नाय."

"आत्ता नाही. त्याला तिथे बसून राहायला लागणार आहे."

"येकटा?"

"चौघं आहेत."

"कशाला पण?"

"बोट मोकळी सोडता येत नाही, ज्ञानू. कुणीतरी असावं लागतं."

मग तिने विचारलं,

"जेवतो काय?"

"जेवतो. आता रोज मिळतंय."

"आणि बसलाय."

"बसलाय."

"बोटीवर."

"हो, बोटीवर."

मग म्हणाली, "आप्पासर, ताईला सांगा उद्या आणि येकदा घ्यायला. आता बगते मी."

मी विचारलं, "मोकळी दिसेल ना पण?"

"दिसू दे की. तो कुठं हाय, ते आता म्हाईत हाय ना."

तेव्हा उद्या तुमचा शेवटचा दिवस आहे, तिला एक टेक दे. एकच पुरेल असं मला वाटतं. त्या आजोबांना माझा वाकून नमस्कार सांग, स्वरूपकडून करवून घे, त्याला सवय आहे. आणि शर्ट परत आणायला विसरू नका. मथुरा तो पुन्हा धुऊन, इस्त्री करून ठेवणार आहे.

आप्पादादा